लोकलच्या फलाटाची उंची: एका रेंगाळलेल्या निर्णयाची पार्श्वभूमी

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सर्वांना पाठ आहे. मुंबईच्या लोकलच्या स्थानकांना आजचे वळण मात्र विजेने दिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गावर व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले आणि चर्चगेट शेवटचे स्थानक ठरले. गाड्या वाढल्या तसा थांबा काही सेकंदांवर आला. एवढ्या वेळात माणसांचा लोंढा उतरणार आणि तेवढाच चढणार, म्हणजे फलाट आणि डब्याचा तळ जितके एका पातळीवर, तितके बरे. साधीच गोष्ट आहे, पण ती मान्य व्हायला फार उशीर झाला.

मधल्या काळात लक्ष होते लांबीवर. नऊ डब्यांच्या गाड्या ऐंशीच्या दशकात बारा डब्यांच्या होऊ लागल्या, २००९ मध्ये पश्चिम मार्गावर पंधरा डब्यांची गाडी आली. प्रत्येक वेळी फलाट पुढे वाढले. रुंदी, पूल आणि जिने मात्र बहुतेक जुन्या स्थानकांत होते तसेच राहिले. डबे वाढले की एका गाडीतून उतरणारी माणसे वाढतात आणि ती सगळी त्याच जिन्याकडे वळतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर जी जीवघेणी चेंगराचेंगरी झाली, तिची मुळे इथे आहेत. त्यानंतर लष्कराच्या मदतीने काही महिन्यांत नवा पूल उभा राहिला. इच्छा असली तर पूल लवकर होतो, हे त्यातून दिसलेच.

उंचीचा प्रश्न याहून किचकट. फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतात. उंच फलाटासाठी देशभर ७६० ते ८४० मिलिमीटर हे प्रमाण ठरलेले होते. लोकलच्या डब्याचा तळ त्याच्या बराच वर असतो. म्हणजे फलाट नियमाप्रमाणे बांधला तरी चढताना मोठे पाऊल टाकावे लागणार आणि चालत्या गाडीला धरणाऱ्याचा पाय घसरला तर खाली पोकळी. रेल्वे प्रशासनाचे म्हणणे असे, की लोकलच्या काही मार्गांवरून मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात आणि त्यांच्या रुंद भागांना उंच फलाट घासता कामा नये. ही अडचण खोटी नाही. पण जिथून दिवसभर लोकलच जातात, तिथेही देशभराचेच माप का लावायचे, हा प्रश्न उरतोच, आणि प्रवासी संघटना तो वर्षानुवर्षे विचारत होत्या.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला या पोकळीत गंभीर अपघात झाला. न्यायालयाने दखल घेतली, मग सूत्रे हलली. मुंबईपुरती सवलत देऊन उंची ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे ठरले. काम करायचे ते रात्रीच्या दोन-तीन तासांत, एकही गाडी रद्द न करता. शिवाय फलाट उचलला की जिन्याची खालची पायरी गाडली जाते, बाकडी बुटकी होतात, तिकीट खिडकीसमोरचा उतार बदलतो. सगळे पुन्हा जुळवावे लागते.

आणखी एक गोष्ट चर्चेत क्वचितच येते. रुळाखालची खडी भरून रूळ नीट बसवताना तो थोडा वर येतो. पाणी तुंबते म्हणून काही सखल भागांत तर रूळ मुद्दाम उचलले गेले. रूळ जेवढा वर जातो तेवढा फलाट आपोआप बुटका होतो. म्हणून एकदा उंची वाढवून हात झटकता येत नाहीत, मोजमाप चालूच ठेवावे लागते.

नवी मुंबईची गोष्ट निराळी. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल गेली, तेव्हा शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा उचलला. वाशी-बेलापूरसारखी प्रशस्त, वर कार्यालयांचे मजले असलेली स्थानके त्यातून झाली. प्रवाशांनी तिकिटावर अधिभार भरून त्याची किंमत चुकवली, तीही विसरू नये.

तिकिटाच्या सोयी मात्र झपाट्याने पालटल्या: कुपने छापून घ्यायची यंत्रे आली नि गेली, मग स्वयंचलित यंत्रे, २०१४ पासून मोबाइलवर तिकीट. डिसेंबर २०१७ मध्ये वातानुकूलित लोकल आली. तिची दारे बंद झाल्याशिवाय ती हलत नाही, त्यामुळे चालत्या गाडीत चढताना पाय घसरण्याचा धोका तिथे उरत नाही. इतर गाड्यांची दारे मात्र अजून उघडीच आहेत आणि तिथे फलाटाची उंची पूर्वीइतकीच मोलाची आहे.