स्टेनलेसच्या पोटातला ताण

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बोटीवरची स्टेनलेसची क्लिप तडकली की बोल खाऱ्या वाऱ्याला लागतो. मिठाचा हात असतोच. पण तार वाकवताना, पत्रा प्रेसखाली दाबताना धातूच्या पोटात जो ताण अडकून राहतो, त्याचे नाव क्वचितच निघते.

हा ताण किती घातक, हे आधी पितळेने दाखवून दिले आणि तेही आपल्याच पावसाळ्यात. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळाभर तबेल्यांत पडून राहत आणि त्यांना आपोआप चिरा जात. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस ओढून बनवताना आत राहिलेला ताण, असे तिघे एकत्र आले होते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला. घोडे आणि पाऊस हटवता येत नव्हते. ताण मात्र मंद आचेवर उतरवता येत होता.

स्टेनलेस तेव्हा नवेच होते. १९१२ मध्ये जर्मनीत क्रुप या पोलाद कंपनीच्या स्ट्राउस आणि मौरर यांनी निकेलवाली जात काढली, १९१३ मध्ये शेफील्डला ब्रेअर्ली यांनी बिननिकेलची. आज सर्रास चालते ती १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलची, म्हणजे ३०४ नंबरची जात.

घोटाळा होतो तो इथे. साध्या पोलादाचा ताण उतरवायला ६०० ते ६५० अंश सेल्सिअस लागतात आणि हाताला तीच सवय असते. ३०४ तेवढ्यावर ठेवले, की त्यातला कार्बन क्रोमियमला धातूच्या बारीक कणांच्या सीमेवर ओढून घेतो. सीमेलगतचा पट्टा क्रोमियमला मुकतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. ताण गेला, पण स्टेनलेसपणही गेले! साधारण ४५० ते ८५० अंशांचा टापू म्हणूनच टाळायचा. १९६८ पासून वितळलेल्या धातूत ऑक्सिजनबरोबर अर्गन फुंकण्याची पद्धत कारखान्यांत आली, कमी कार्बनचे ३०४ एल स्वस्त झाले आणि ही धास्ती बरीच ओसरली.

पूर्ण ताण काढायचा तर १०५० अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करावे लागते. स्प्रिंगला ते चालत नाही, तिचा ताठपणाच जातो. तिला साडेतीनशे अंशांवर अर्धा तास पुरे. ताण सगळा उतरत नाही, पण वळवतानाचा बराचसा सैल होतो आणि माप टिकते. भट्टीत घालण्याआधी तेल आणि हाताचा घाम मात्र नीट धुऊन काढावा. किनाऱ्यावर त्या घामाबरोबर हवेतले मीठही चिकटलेले असते.