आमदार निधी वेगळा, आमदारांनी ‘आणलेला’ निधी वेगळा

पार्क स्टेडियमभोवतीचा फुटपाथ उखडला किंवा पार्क चौकात पाणी तुंबलं की सोलापुरात ठरलेली मागणी होते, ‘आमदार निधीतून करून द्या.’ शेजारीच फ्लेक्स झळकत असतो, ‘आमदारांच्या अथक प्रयत्नातून अमुक कोटी मंजूर.’ मग लोक विचारतात, एवढे कोटी आले तर आमचा फुटपाथ का होत नाही? कारण ते पैसे आमदार निधीचे नसतातच.

आमदार निधी सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षाला ५ कोटी रुपये, पूर्ण मतदारसंघासाठी. आमदार काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, काम महापालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. या निधीतून पगार, झाडलोट, वीजबिल भागवता येत नाही. अर्ज करण्याआधी मतदारसंघ तेवढा तपासा, कारण शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण, तिन्ही मतदारसंघांचा भाग महापालिका हद्दीत येतो.

फ्लेक्सवरचे कोटी बहुतेक वेळा राज्य शासनाच्या विशेष अनुदानाचे असतात. नगरविकास विभाग मूलभूत सुविधांसाठी शासन निर्णय काढतो आणि त्याला कामांची यादी जोडतो. आमदारांनी पाठपुरावा केलेला असतो, हे खरं. पण पैशावर त्यांचा हक्क नसतो. खरी मेख आहे ती या यादीत.

आमदार निधीत मान्यता मिळण्यापूर्वी शिफारस बदलता येते. फुटपाथऐवजी गटार सुचवायची तर नवं पत्र पुरतं. विशेष अनुदानात यादीत जे नाव छापलं, तेच काम. ‘स्टेडियमलगतच्या रस्त्याचे डांबरीकरण’ असं लिहिलं असेल तर त्या पैशातून गटारीला एक पाइपही बसत नाही. नाव बदलायचं तर पुन्हा मंत्रालयातून शुद्धिपत्रक आणायचं, आणि ते यायला महिने जातात. तोवर रस्ता होतो, गटार तशीच राहते आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर नवंकोरं डांबर फोडून ड्रेनेजचं काम सुरू होतं. ठेकेदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. चूक मागणीच्या पत्रातच झालेली असते. म्हणून पत्रात ‘रस्ता सुधारणा’ एवढंच मोघम लिहू नका. ‘अमुक गाळ्यापासून तमुक गेटपर्यंत, बंदिस्त गटार व पेव्हिंग ब्लॉकसह’ असं लिहा, लांबी-रुंदी मीटरमध्ये द्या. ब्लॉकची जाडीही सांगा: नुसत्या पायी वर्दळीला ६० मिमी चालतो, पण खाद्यपदार्थांच्या चौपाटीच्या बाजूला जिथे गाड्या चढतात तिथे ८० मिमीच हवा. ६० मिमीचे ब्लॉक चाकाखाली खचतात, मग बोंबाबोंब होते.

दुसरं म्हणजे, ‘मंजूर’ म्हणजे ‘आले’ नव्हे. अनुदान हप्त्यांनी वितरित होतं, आणि सरकार बदललं तर स्थगितीही येते. २०२२ मध्ये राज्यभर ते झालंच. फ्लेक्सवर वितरित रकमेचा आकडा कधीच नसतो, हे मला फार खटकतं. आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हेही विचारा. १० लाखांचं काम त्यामुळे ११ लाख ८० हजारांवर जातं, आणि हा फरक कुठूनच आला नाही की शेवटचे वीस-तीस मीटर कापले जातात.

स्टेडियमचं नूतनीकरण स्मार्ट सिटीतून झालं, तेव्हा ‘स्मार्ट सिटीकडे मागू’ असंही कुणी म्हणतं. ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं, विषय मिटला. पैसे कुठल्याही खात्यातून येवोत, देखभाल महापालिकेच्याच गळ्यात, तेव्हा तिच्या अंदाजपत्रकातली तरतूद वेगळी बघावी लागते.

फ्लेक्स दिसला तर फोटो काढत बसू नका. महापालिकेत (इंद्रभुवन आवारात) जाऊन नगर अभियंता कार्यालयात कामाचं लेखाशीर्ष (पैसे कुठल्या खात्यातून आले ते), शासन निर्णयाची तारीख आणि वितरित रक्कम विचारा. आमदार निधीचं काम असेल तर हीच चौकशी जिल्हा नियोजन कार्यालयात करा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, आणि त्यात शासन निर्णयाला जोडलेल्या यादीची प्रत नक्की मागा.