औषधजनुकीय आरोग्यनोंद : बेळगाव सीमाभाग

रुग्णाच्या जनुकीय तपासणीचा निष्कर्ष त्याच्या डिजिटल आरोग्यनोंदीत असा साठवायचा, की डॉक्टर औषध लिहीत असतानाच ‘हे याला लागू पडणार नाही’ किंवा ‘हे याला बाधेल’ अशी सूचना पडद्यावर यावी, या पद्धतीला औषधजनुकीय आरोग्यनोंद म्हणतात. एकाला मानवलेले औषध दुसऱ्याला बाधते, हे घरोघरी ठाऊक असते. त्यामागच्या आनुवंशिक कारणांच्या अभ्यासाला ‘फार्माकोजेनेटिक्स’ हे नाव १९५९ मध्ये जर्मन जनुकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख फोगेल यांनी दिले.

क्लोपिडोग्रेलचे उदाहरण ठळक आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी देतात. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतातले सीवायपी२सी१९ हे विकर (एन्झाइम) तिला कामाची बनवते. हे विकर बनवणाऱ्या जनुकाची निकामी प्रत आई आणि वडील दोघांकडून आली, तर रुग्ण गोळी नेमाने घेतो, तरी गुठळीचा धोका पुरता टळत नाही. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१० मध्ये माहितीपत्रकात तसा चौकटीतला इशारा घातला. ही निकामी प्रत युरोपीयांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांत जास्त आढळते. त्यातच सीमाभागात मामा-आत्याच्या मुलांत लग्ने होतात आणि नात्यातल्या लग्नाने दोन्ही प्रती सारख्याच येण्याची शक्यता वाढते. अर्थात सगळे जनुकावरच ठरत नाही : ॲसिडिटीसाठी मेडिकलमधून आपणहून आणलेली ओमेप्राझोलही हेच विकर अडवते. फिट्सवरची कार्बामाझेपिन आणि हिवतापावरची प्रायमाक्विन यांनाही अशीच जनुकीय पथ्ये आहेत.

जनुकीय तपासणीचा निष्कर्ष जन्मभर बदलत नाही, त्यामुळे तपासणी एकदाच पुरते. पण तो सांभाळणे इथे अवघड. चंदगडचा माणूस दवाखान्यासाठी बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूर गाठतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे एकाच माणसाचे कागद दोन राज्यांत. प्लास्टिकच्या पिशवीतल्या फाईलमध्ये एका कागदावर नाव कन्नडात, दुसऱ्यावर मराठीत, तिसऱ्यावर इंग्रजीत, तेही निराळ्या स्पेलिंगने. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातला १४ अंकी आभा क्रमांक (प्रत्येकाचा आरोग्यखाते क्रमांक) इथे खरा उपयोगाचा, कारण तो दोन्ही राज्यांत एकच राहतो आणि रुग्णाच्या संमतीने नोंदी जोडता येतात. मात्र अहवालाचा फोटो चढवून भागत नाही. जनुक, त्याच्या दोन्ही प्रती आणि त्यांचा अर्थ स्वतंत्र रकान्यांत भरला, तरच सूचना उमटते.

जनुकीय अहवाल एकट्याचा नसतो. भावंडांविषयीही तो काही सांगतो. म्हणून संमतीपत्र रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवणे आवश्यक आहे. नेटवर्क नसलेल्या खानापूरच्या जंगलपट्टीतल्या रुग्णाकडे औषधाचे नाव आणि ‘हे मला चालत नाही’ एवढे मराठी, कन्नड व इंग्रजीत लिहिलेले कार्डही द्यायला हवे.