गिधाडाचा जीव गोठ्यात

पन्नाशीला टेकलेल्या आणि खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, गावाबाहेरची ती जागा त्याला आठवते. ओढ्यापलीकडचं माळरान, तिथे मेलेली ढोरं नेऊन टाकत. सकाळी बैल टाकला की दुपारी आकाशात एक ठिपका दिसायचा. मग पाच, मग पन्नास. शंभरेक गिधाडं एका बैलाचा फडशा अर्ध्या-पाऊण तासात पाडतात. दिवस मावळेपर्यंत तिथे हाडांचा सांगाडा उरायचा, आणि दुर्गंधीला सुटायला वेळच मिळायचा नाही.

ही गिधाडं नेमकी कधी दिसेनाशी झाली, ते मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही. त्यांच्या जाण्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही. अधाशी माणसांबद्दल आपण ‘गिधाडासारखे तुटून पडले’ म्हणतो. रामायणातल्या जटायूला मात्र आपण हात जोडतो. इगतपुरी तालुक्यात टाकेदला, जिथे त्याने देह ठेवला असं लोक मानतात, तिथे आजही यात्रा भरते. जटायूच्या वंशजांवर आपल्या डोळ्यांदेखत काय गुदरलं, हे त्या यात्रेइतकंच माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातल्या सर्वाधिक संख्येने असलेल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानला जाई. दक्षिण आशियात गिधाडांची संख्या कोट्यवधींच्या घरात होती. त्याचं कारण सरळ आहे. इथे गुरं अमाप, आणि म्हातारी झालेली गाय किंवा बैल बहुतेक ठिकाणी खाल्ला जात नाही. तो मेला की गिधाडांच्या वाट्याला येतो. शेतकऱ्याचा गोठा आणि गिधाडाचं घरटं यांच्यात असा जुना व्यवहार होता.

तो मोडल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं राजस्थानात, भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे डॉ. विभू प्रकाश तिथे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ मध्ये त्यांना उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी आढळली होती. १९९६ साली ते पुन्हा गेले तेव्हा निम्मीही उरली नव्हती. झाडांखाली मेलेले पक्षी पडलेले होते. जे जिवंत होते ते मान खाली टाकून तासन् तास फांदीवर बसून राहत. पुढच्या चार-पाच वर्षांत तिथली वसाहतच संपली. देशभर मोजदाद झाली तेव्हा कळलं की हे एका उद्यानापुरतं नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडं जवळपास ९७ टक्क्यांनी कमी झाली.

आधी संशय रोगावर होता. एखादा नवा विषाणू असावा, असं अनेकांना वाटत होतं. अन्न कमी पडलं म्हणावं, तर गुरं पूर्वीइतकीच मरत होती. कोडं सुटलं पाकिस्तानात. डॉ. लिंडसे ओक्स या पशुवैद्यकाच्या तुकडीने मेलेली गिधाडं उघडून पाहिली, तेव्हा बहुतेकांच्या काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडावर खडूच्या लगद्यासारखा पांढरा थर होता. तो युरिक ॲसिडचा होता. विषाणू सापडला नाही, कीटकनाशकं सापडली नाहीत, जड धातूही सापडले नाहीत. मग त्यांनी प्रश्न उलटा फिरवला. गिधाडांचं अन्न म्हणजे पाळीव गुरं, तर गुरांना हल्ली कोणतं औषध नव्याने दिलं जातंय? पशुवैद्यांकडे आणि औषध दुकानांत चौकशी केल्यावर एक नाव पुढे आलं: डायक्लोफेनॅक. युरिक ॲसिडचा थर असलेल्या २५ गिधाडांची तपासणी केली, तेव्हा २५ च्या २५ पक्ष्यांत हे औषध सापडलं. ज्या १३ पक्ष्यांत तो थर नव्हता, त्यांतल्या एकातही ते नव्हतं. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला.

डायक्लोफेनॅक आपल्याला अनोळखी नाही. कंबर धरली, गुडघा सुजला की डॉक्टर लिहून देतात तेच वेदनाशामक. स्वस्त आणि लगेच गुण देणारं. बैल लंगडायला लागला, गाईची कास सुजली, ताप भरला, की त्याचंच इंजेक्शन दिलं जाई. यात शेतकऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दुखणाऱ्या जनावराला आराम पडावा म्हणूनच तो ते देत होता.

गिधाडाच्या शरीरात मात्र हेच औषध घात करतं. आपण शरीरातला टाकाऊ नायट्रोजन युरियाच्या रूपात, पाण्यात विरघळवून लघवीवाटे टाकतो. पक्षी तो युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग असतो तो हाच. हे युरिक ॲसिड रक्तातून गाळून बाहेर काढण्याचं काम मूत्रपिंड सतत करत असतं. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडाचं मूत्रपिंड ते काम थांबवतं. आम्ल रक्तात साचत जातं आणि त्याचे स्फटिक एकेका अवयवावर बसू लागतात. आपल्याकडे युरिक ॲसिड वाढलं की पायाचा अंगठा ठणकतो. गिधाडाचं हृदयच त्या स्फटिकांनी माखून जातं. साधारण दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. ज्या पक्ष्याचं जठर सडकं मांस आणि त्यातले रोगजंतू बिनबोभाट पचवतं, तो माणसाच्या एका साध्या औषधापुढे हतबल ठरतो.

पण प्रत्येक गुराला काही मरणाआधी हे इंजेक्शन दिलं जात नव्हतं, मग कोट्यवधी पक्षी कसे मेले? इथे थोडं गणित करून पाहायला हवं, कारण हीच गोष्ट सहजी पटत नाही. समजा, दोनशे मेलेल्या जनावरांपैकी फक्त एकात जीवघेण्या प्रमाणात औषध आहे. गिधाड साधारण तीन दिवसांतून एकदा पोटभर खातं, म्हणजे वर्षाला सुमारे १२० जेवणं. दर जेवणाला दोनशेत एक धोका. वर्षभर हा धोका टळत राहण्याची शक्यता निघते जेमतेम ५५ टक्के. म्हणजे दर वर्षी शंभरातली पंचेचाळीस गिधाडं मरणार. आता दुसरी बाजू बघा. गिधाड चार-पाच वर्षांचं झाल्यावर वयात येतं आणि त्यानंतर जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते अंडं दीड-दोन महिने उबवायचं, मग पिल्लाला तीन-चार महिने भरवायचं. ही तूट भरून निघणं शक्यच नव्हतं. प्रत्यक्ष मोजणीत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट वर्षाला ४० टक्क्यांहून जास्त निघाली. आणि बंदीपूर्वी देशात तपासलेल्या मेलेल्या गुरांपैकी जवळपास दहा टक्क्यांत या औषधाचा अंश होता.

२००६ साली भारताने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं. पर्याय हाताशी होता. तरी विष थांबलं नाही, कारण माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या बाजारात होत्या आणि त्या गोठ्यात पोहोचत होत्या. तीस मिलिलिटरची बाटली कोणत्या माणसाला लागते? २०१५ मध्ये त्या बाटल्या बंद होऊन एका मात्रेपुरतं इंजेक्शन तेवढं ठेवलं गेलं. मग गिधाडांच्या जिवावर उठणारी बाकीची वेदनाशामकं. ॲसिक्लोफेनॅक तर गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. तरी ते आणि किटोप्रोफेन गुरांसाठी बंद व्हायला २०२३ साल उजाडलं. निमसुलाइड त्यानंतर. दर वेळी आधी पक्षी मरायचे, मग पुरावा गोळा व्हायचा, मग कागद हलायचे. या सतरा वर्षांची चीड मला लपवता येत नाही.

ही लढाई चालू असताना उरलेले पक्षी सांभाळून ठेवणं गरजेचं होतं. हरियाणात पिंजोरला २००१ साली गिधाडांसाठी शुश्रूषा केंद्र सुरू झालं आणि पुढे त्याचंच प्रजनन केंद्र झालं. नावही जटायूचंच. तिथले पिंजरे शंभर फूट लांब आणि चाळीस फूट रुंद असतात, कारण गिधाड एकटं राहणारा पक्षी नाही. त्याला वसाहत लागते, शेजारी लागतात, पंख पसरायला जागा लागते. खायला बकऱ्याचं मांस मिळतं, तेही आठवड्यातून दोनदा. बकरे आणल्यावर आधी काही दिवस नुसते पाळले जातात, म्हणजे अंगात एखादं औषध असलंच तर निघून जावं. अंड्यांच्या बाबतीत एक युक्ती वापरतात. हंगामाच्या सुरुवातीला घातलेलं अंडं उचलून उबवणी यंत्रात ठेवलं की काही जोड्या दुसरं अंडं घालतात. वर्षाला एकाऐवजी दोन पिल्लं. ज्या पक्ष्याचं सगळं दुखणं मंद प्रजननात आहे, त्याच्यासाठी हे फार मोठं आहे. आसामात राणी, बंगालमध्ये राजाभातखावा आणि मध्य प्रदेशात भोपाळजवळ केरवा इथेही अशी केंद्रं आहेत.

पक्षी वाढवणं आणि पक्षी सोडणं यांत मात्र मोठं अंतर आहे. खाद्याच्या शोधात गिधाड एका दिवसात शंभर किलोमीटर सहज पार करतं. म्हणून ‘गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र’ आखताना शंभर किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरतात. त्याचं क्षेत्रफळ भरतं तीस हजार चौरस किलोमीटरहून जास्त. कोणताही व्याघ्र प्रकल्प त्यापुढे परसबागेएवढा. त्या वर्तुळातलं प्रत्येक औषध दुकान, प्रत्येक पशुवैद्य आणि प्रत्येक गोठा त्या पक्ष्याच्या अधिवासाचाच भाग होतो. वाघाला कुंपण घालता येतं. गिधाडाला वाचवायचं तर कुंपणाबाहेरच्या माणसांशीच बोलावं लागतं.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून वीस गिधाडं आपल्या विदर्भात आली, ताडोबा आणि पेंच व्याघ्र प्रकल्पांत. त्यांना लगेच सोडलं नाही. जंगलातच उभारलेल्या मोठ्या पिंजऱ्यात काही महिने ठेवलं, तिथला वारा, ऊन, पाऊस अंगवळणी पडू दिला, आणि पावसाळ्यात पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून मोकळं केलं. त्यातलं एक ताडोबाहून उडत उडत थेट तमिळनाडूत पोहोचलं! पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याने हजारो किलोमीटरचा प्रवास करावा, ही बातमी वाचून मला केवढा आनंद झाला. काही पक्षी दगावलेही. त्या बातम्यांनी खचून जाण्याचं कारण नाही. यंत्रामुळे निदान कोण कुठे आणि कशाने मेलं, हे शोधता येतं. भरतपूरला तेवढंही शक्य नव्हतं.

जखमी शिकारी पक्ष्यांवरचे उपचार आता पुष्कळ पुढे गेले आहेत. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने पंख कापलेल्या घारी नागपूरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारख्या ठिकाणी येतात. जखम शिवली, स्नायू शाबूत असले आणि नंतर सराव मिळाला, तर घार पुन्हा उडते. असा पक्षी तुम्हाला सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरट्यातून पडलेलं, उन्हाने मलूल झालेलं गिधाडाचं पिल्लूसुद्धा अशाने वाचतं. पण डायक्लोफेनॅक पोटात जाऊन मान टाकलेल्या गिधाडासाठी दवाखान्यात करण्यासारखं जवळपास काही नसतं. त्याच्यावरचा उपचार त्याने खाण्याच्या आधी, बैल जिवंत असतानाच करावा लागतो.

गिधाडं गेल्याची किंमत माणसांनीही मोजली. उघड्यावर सडणाऱ्या ढोरांवर भटकी कुत्री पोसली गेली, त्यांच्याबरोबर रेबीज वाढला, नाले आणि विहिरींचं पाणी नासलं. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक भयंकर आकडा आहे. पूर्वी जिथे गिधाडं भरपूर होती, त्या जिल्ह्यांत २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला तर मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या शतकानुशतकांच्या अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांचा आधार घ्यावा लागला.

कोकणात मात्र थोडी गिधाडं टिकून राहिली आहेत. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावच्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात. महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांचे सहकारी वीसहून अधिक वर्षं तिथे राबत आहेत. झाडं तुटू न देणं, घरटी मोजणं, पडलेली पिल्लं सांभाळून पुन्हा सोडणं, आणि आसपासच्या गावांत मेलेलं जनावर गिधाडांपर्यंत पोहोचवणं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातली मोठमोठी झाडं झोपवली, तरी काम थांबलं नाही. फणसाड अभयारण्यात, नाशिककडे हरसूलजवळच्या खोरीपाड्यात आणि गडचिरोलीतही गिधाडांसाठी असं अन्न ठेवण्याच्या जागा वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून केल्या आहेत. त्यांना ‘गिधाडांचं उपाहारगृह’ म्हणतात.

तिथे जनावर टाकण्याआधी त्याच्या मालकाला काही गोष्टी विचाराव्या लागतात. जनावर कशाने मेलं? शेवटचे आठ-दहा दिवस त्याला कोणतं इंजेक्शन दिलं होतं? बाटली गोठ्यात अजून पडलेली आहे का? असेल तर आणून दाखवा.