गार लागणे आणि गार ठेवणे: गादीवरच्या दोन ‘कूलिंग पॅड’मधला फरक

गादीवर अंथरायचे ‘कूलिंग पॅड’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे जेल भरलेला किंवा गार स्पर्शाच्या कापडाचा साधा पॅड. दुसरा, आतल्या बारीक नळ्यांतून पाणी खेळवणारा, पलंगाशेजारच्या यंत्राला जोडलेला पॅड. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे जेल पॅडवर झोपून मध्यरात्री घामाघूम होऊन उठलेला माणूस ‘कूलिंग पॅड ही निव्वळ फसवणूक आहे’ असे ठामपणे सांगतो, आणि ज्याचे साध्या पॅडवर भागले असते तो माणूस नळ्या, पंप आणि पाण्याची टाकी यांचा व्याप घरात आणतो. दोघांचाही प्रश्न एकच असतो आणि तो विकत घेण्याआधी कोणी विचारलेला नसतो: मला झोप लागताना उकडते, की झोपेतून जाग येते तेव्हा?

जेल पॅड बहुतेकांनी पाहिलेला, निदान दुकानात हात लावून पाहिलेला असतो, त्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. मात्र ‘हात लावून पाहणे’ हीच सगळ्या गोंधळाची सुरुवात आहे, आणि त्या पाच सेकंदांच्या परीक्षेवर रात्रीचा निर्णय घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

दाराची लोखंडी कडी आणि त्याच दाराची लाकडी फळी यांना एकापाठोपाठ हात लावला, तर कडी गार लागते आणि फळी तशी लागत नाही. दोन्ही वस्तू त्याच खोलीत असल्यामुळे त्यांचे तापमान सारखेच असते. फरक एवढाच, की लोखंड हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि लाकूड ती हळूहळू घेते. आपल्या त्वचेला वस्तूचे तापमान थेट कळत नाही. उष्णता किती वेगाने निघून जात आहे, हे तिला जास्त कळते. जेल पॅड हा या अर्थाने कडीसारखा आहे. तो खोलीपेक्षा थंड नसतो, फक्त पहिल्या स्पर्शाला उष्णता भरभर घेतो आणि जितकी घेतली तितका स्वतः तापत जातो.

हे तापणे किती लवकर होते, याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण ७० ते ८० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. तिचा पाव भाग, म्हणजे सुमारे २० वॅट, खाली गादीकडे जातो असे धरू. शरीराखाली २ किलो जेल असेल, ते बरेचसे पाण्यासारखे असेल आणि खोलीच्या २६ अंशांपासून त्वचेच्या जवळपास ३३ अंशांपर्यंत तापणार असेल, तर ते एकूण सुमारे ५६ किलोज्यूल उष्णता सामावून घेऊ शकते. २० वॅटच्या वेगाने एवढी उष्णता भरायला पाऊण तास पुरतो. त्यानंतर तो पॅड म्हणजे अंगाच्या तापमानाची एक जड घडी उरते, आणि खाली फोमची गादी असेल तर साठलेली उष्णता तिकडूनही बाहेर पडू शकत नाही, कारण फोम हा उष्णता अडवणाराच पदार्थ आहे. खोलीच ३३ अंशांची असेल, तर तो पाऊण तासही मिळत नाही.

काही महागड्या पॅडमध्ये ठरावीक तापमानाला वितळणारे मेणासारखे पदार्थ असतात. वितळताना ते किलोमागे सुमारे २०० किलोज्यूल उष्णता शोषतात, त्यामुळे असे अर्धा किलो मेण असल्यास याच हिशेबाने आणखी सव्वा ते दीड तास मिळतो. परंतु २८ अंशांना वितळणारे मेण पुन्हा गोठायला खोली २८ अंशांच्या खाली जावी लागते. ज्या खोलीत रात्रंदिवस ३० अंश असतात, तिथे ते अंथरण्याआधीच वितळलेले असते आणि त्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात. ‘रात्रभर गारवा’ असे अशा पॅडच्या वेष्टनावर छापलेले पाहिले की मला खरोखर संताप येतो.

पाणी खेळवणारा पॅड उष्णता साठवत नाही. ती वाहून नेतो. नळ्यांतून मिनिटाला अर्धा लिटर पाणी फिरत असेल आणि शरीराखालून जाताना ते केवळ १ अंशाने तापत असेल, तरी ते सुमारे ३५ वॅट उष्णता पलंगाबाहेर नेते. हे काम पहाटे ४ वाजताही झोपेच्या पहिल्या मिनिटासारखेच चालू राहते. म्हणूनच ज्याला झोप लागल्यावर काही तासांनी उकडून जाग येते, त्याने जेलच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट ज्याला फक्त पाठ टेकताना गारवा हवा असतो आणि ज्याची खोली रात्री आपोआप निवते, त्याला साधा पॅड पुरतो.

इथेही एक पोटभेद लक्षात घ्यावा लागतो. काही यंत्रांत नुसता पंखा आणि ज्यातून पाणी फिरते अशी बंद नळ्यांची जाळी असते. अशा बंद फेऱ्यात पाणी खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. कॉम्प्रेसर किंवा विद्युतप्रवाहाने एक बाजू थंड व दुसरी गरम करणारी चकती असलेले यंत्र मात्र ते खाली नेते, आणि काढलेली उष्णता खोलीतच सोडते, त्यामुळे बंद खोली थोडी तापते. खरेदी करताना विचारायचा प्रश्न हाच: पाणी खोलीपेक्षा थंड होते का?

आवाज, वजन, धुण्याची सोय हे फरक कोणालाही वापरताना कळतात. पाणी निर्मात्याने सांगितले तेच भरावे आणि वेळच्या वेळी बदलावे, नाहीतर नळ्यांत शेवाळ धरते. हवा दमट असेल तर पाणी फार थंड ठेवू नये: ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना सुमारे २६ अंशांखालच्या पृष्ठभागावर दव जमते आणि अंथरूण ओलसर होते. ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तापमान ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि पॅड कोणताही असो, त्याच्यावर जाड गोधडी किंवा जलरोधक आवरण घालू नये. एक पातळ सुती चादर पुरे.