बाळाची जन्मनोंद: नावाची घाई नको, बाकीचं मात्र नीट तपासा

बाळाची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे (जन्म-मृत्यू नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) होते, तुम्ही राहता त्या गावी नाही. बाळंतपण माहेरी झालं असेल तर दाखलाही माहेरच्याच ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा. सासरी परतण्याआधी तो हातात घेतलेला बरा.

रुग्णालयातल्या जन्माची खबर रुग्णालयानेच द्यायची असते. घरी जन्म झाला तर कुटुंबप्रमुखाने. मुदत 21 दिवस, शुल्क नाही.

खरी गडबड होते ती रुग्णालयातल्या अर्जावर. गरोदरपणाची फाइल माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि अर्ज भरणारा कर्मचारी फाइल बघून लिहितो. मग दाखल्यावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं. त्यामुळे घरी सोडण्याआधी अर्ज स्वतः वाचा. आईवडिलांची नावं आधारप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळवा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. जन्मतारीखही पाहा: मध्यरात्रीच्या आसपास जन्म असेल तर ती हमखास चुकते. लिंग आणि कायमचा पत्ता राहिले, तेही बघून घ्या. आईचं शिक्षण, बाळाचं वजन वगैरे माहिती आकडेवारीसाठी असते, दाखल्यावर येत नाही.

बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना खुशाल कोरा सोडा. नोंद अडत नाही. बारा महिन्यांत अर्ज केला की नाव विनाशुल्क चढतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. अर्जासोबत नाव नसलेला मूळ दाखला आणि आईवडिलांची ओळखपत्रं लागतात. उलट, बारशाआधी कुणाच्या तरी आग्रहाखातर भलतंच नाव लिहिलं तर ते बदलणं अवघड. लेखनचूक पुराव्यासह दुरुस्त होते. आवड बदलली म्हणून नाव बदलून मिळेल असं धरून चालू नका. आडनावासह पूर्ण नाव कसं हवं, तेही त्याच अर्जात स्पष्ट लिहा.

21 दिवस उलटले तरी 30 दिवसांच्या आत निबंधकच विलंब शुल्क घेऊन नोंद करतो. 30 दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी, शुल्क आणि स्वसाक्षांकित (स्वतः सही केलेलं) कागदपत्र लागतं. वर्ष लोटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी चौकशी करून आदेश देतात, तेव्हाच नोंद. तिथे रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरण कार्ड कामी येतं, ते जपून ठेवा.

1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागवायची जुनी पळवाट त्यांना उरलेली नाही.