मोलर मास वेगळा, मास वेगळा : युरियाच्या गोणीवरून बघा

अकरावीची पोरं मोलच्या (मोल म्हणजे डझनासारखा, पण कणांचा एक ठरलेला मोठा गठ्ठा) गणितात अडकतात ना, ती गुणाकार येत नाही म्हणून नाही, मोलर मास आणि मास हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात म्हणून. आपल्या रावेर-यावलकडे केळी म्हटली की युरिया आलाच, तर त्याच्यावरूनच बघू.

युरियाच्या एका रेणूत १ कार्बन, १ ऑक्सिजन, २ नायट्रोजन, ४ हायड्रोजन, म्हणजे अणुभारांची बेरीज १२ + १६ + २८ + ४ = ६०. हा मोलर मास, ६० ग्रॅम प्रति मोल, आणि तुम्ही चिमूटभर घ्या नाहीतर ट्रॅक्टरभर घ्या तो ६० चा ६० च राहतो. मास म्हणजे काट्यावर खरोखर जेवढं भरलं तेवढं, नुसते ग्रॅम. केळीचं कसं असतं, भाव क्विंटलचा, माल किती क्विंटल निघाला ते वेगळं, आणि पट्टीवर रक्कम येते ती दोघांचा गुणाकार करून. तसंच आहे हे भो, भाव म्हणजे मोलर मास, क्विंटल म्हणजे मोल, रक्कम म्हणजे मास. भावालाच रक्कम समजलं की हिशोब बसणारच नाही.

मग २.५ मोल युरिया किती? २.५ × ६० = १५० ग्रॅम. उलटं, ४५ किलोच्या गोणीत मोल किती तर आधी किलोचे ग्रॅम करायचे (इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात), ४५००० ÷ ६० = ७५०.

मला सगळ्यात आवडतं ते अमोनियम सल्फेटचं उदाहरण, त्याचा मोलर मास १३२. १ मोल युरियात नायट्रोजन २८ ग्रॅम आणि १ मोल अमोनियम सल्फेटमध्येही २८ च, दोघांत अणू दोन-दोनच ना, पण काट्यावर एक ६० भरतो, दुसरा १३२! म्हणून तर युरियात नत्र ४६ टक्के आणि याच्यात २१ च्या आसपास.

अजून एक, मोरचूद. बोर्डो मिश्रणाला वापरतात ते निळे खडे नुसते कॉपर सल्फेट नाहीत, त्यांच्यात प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे ५ रेणू धरून बसलेले असतात, त्यामुळे मोलर मास १६० नाही तर २५० च्या जवळ धरायचा. अर्धा मोल हवा असेल आणि तुम्ही ८० ग्रॅम मोजले तर कमी पडेल, १२५ लागतात.